वेग कमी करताना इंजिन झटके खाते : दोष शोधायचा क्रम

‘पिकअप ठीक आहे, पण ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की गाडी झटके खाते.’ ही तक्रार घेऊन गाडी गॅरेजात गेली की पुढचा क्रम बहुधा ठरलेला असतो. आधी प्लग, मग कॉइल (प्लगला वीज देणारी), मग इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे) क्लीनिंग, शेवटी फ्युएल पंप. बिल वाढत जाते आणि झटके जिथल्या तिथे.

प्लग, कॉइल, पंप यांचा कमकुवतपणा मुख्यतः इंजिनावर भार आल्यावर उघडा पडतो : चढावर, ओव्हरटेक करताना, वरच्या गिअरमध्ये कमी वेगात दाबल्यावर. वेग कमी होताना भार नसतोच. तेव्हा थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) मिटलेला असतो, इंजिन थोडक्या हवेवर तग धरून असते आणि हवेच्या हिशोबातली बारीकशी चूकही लगेच जाणवते. म्हणून या तक्रारीत शोध हवेपासून सुरू करायचा. ठिणगी आणि पेट्रोल त्यानंतर.

पुढचा क्रम फ्युएल इंजेक्शनच्या पेट्रोल आणि पेट्रोल-सीएनजी गाड्यांसाठी आहे. डिझेलला यातले बरेचसे लागू नाही. गाडी वॉरंटीत असेल तर फक्त पहिले चार टप्पे करा आणि नोंदी घेऊन सर्व्हिस सेंटरला जा.

## पाय काढल्यावर आत काय घडते

गाडी गिअरमध्ये असताना पाय पूर्ण काढला की ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) इंजेक्टर बंद करतो. त्या काळात चाके इंजिनाला फिरवत असतात, पेट्रोल जळतच नाही. आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) उतरत साधारण १००० ते १५०० च्या दरम्यान आले की इंजेक्टर परत सुरू होतात (नेमका आकडा मॉडेलनुसार आणि इंजिन किती तापले आहे त्यानुसार बदलतो) आणि इंजिन स्वतःच्या बळावर ‘स्लो’ला, म्हणजे पाय न लावताच्या किमान वेगाला, टेकते. घाट उतरताना न्यूट्रल टाकले की पेट्रोल वाचते, हा समज इथेच निकालात निघतो. न्यूट्रलमध्ये इंजिनाला स्लो राखायला पेट्रोल लागते, गिअरमध्ये काहीच लागत नाही. शिवाय न्यूट्रलमध्ये इंजिनाचा ब्रेक जातो तो वेगळाच.

शोधासाठी यातून दोन गोष्टी मिळतात. एक, इंजेक्टर बंद असताना मिसिंग, म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण न पेटणे, होऊच शकत नाही, कारण पेटवायला काही नसते. त्या काळात हादरा बसत असेल तर प्लग-कॉइल निर्दोष आहेत. फाउंडेशन (इंजिनाखालचे रबरी आधार), ड्राइव्ह शाफ्ट (चाकांना फिरवणारे दांडे), ब्रेक यांच्याकडे बघा. दोन, थ्रॉटल मिटलेला आणि आरपीएम जास्त, अशा वेळी इनटेक मॅनिफोल्डमधला (थ्रॉटलपासून सिलिंडरांपर्यंतच्या हवेच्या नळ्यांतला) व्हॅक्यूम स्लोपेक्षाही तीव्र असतो. एखाद्या पाइपाला चीर असेल तर ती याच वेळी सर्वांत जास्त हवा ओढते.

## टप्पा १ : हात लावण्याआधी

लागणारे सामान थोडे आहे. साधा ब्लूटूथ स्कॅनर, फोनवर त्याचे ॲप, टॉर्च, पाण्याची स्प्रे बाटली, वही आणि शेजारच्या सीटवर बसून आकडे वाचणारा माणूस. एप्रिल २०१३ पासून भारत स्टेज-४ गाड्यांना ओबीडी-२ (गाडीने स्वतःचे दोष नोंदवायची यंत्रणा) बंधनकारक झाले, त्यामुळे त्यानंतरच्या गाडीत स्टिअरिंगखालच्या भागात कुठेतरी सोळा पिनांचे सॉकेट सापडते.

आता न करायच्या गोष्टी, कारण इथेच सगळ्यांत जास्त घोळ होतो.

बॅटरीची तार काढून ‘ईसीयू रिसेट’ करू नका. त्याने साठवलेले दोषांचे कोड, फ्रीझ फ्रेम (दोष नोंदला त्या क्षणाचे आकडे) आणि ईसीयूने शिकलेल्या दुरुस्त्या पुसल्या जातात. एक-दोन दिवस गाडी बरी वाटते आणि पुरावा गेलेला असतो.

थ्रॉटल बॉडी आधीच साफ करू नका. ती घाण असणे हा दोषही असू शकतो किंवा नुसते वय. आकडे घेण्याआधी साफ केलीत तर कोणते, हे कधीच कळणार नाही.

आणि कोणी ‘स्लो वाढवून देतो’ म्हणाले तर हात जोडा. केबलच्या थ्रॉटलवर एक छोटा स्टॉप स्क्रू असतो. तो कारखान्यात बसवलेला असतो, फिरवायचा नसतो. तो फिरवला की थ्रॉटल पूर्ण मिटल्याचे ईसीयूला कळत नाही, पाय काढल्यावरचे इंधन बंद होणे बिघडते आणि एका दोषाचे दोन होतात.

तपासा : एअर फिल्टर बसला आहे का, त्याच्या डब्याच्या क्लिपा लागल्या आहेत का, ऑइलची पातळी आणि डिपस्टिक नीट आहे का, ऑइलचे झाकण घट्ट आहे का. गेल्या सर्व्हिसिंगनंतर लगेच त्रास सुरू झाला असेल तर निम्म्या वेळा उत्तर याच ओळीत असते.

## टप्पा २ : चाचणीची फेरी

सपाट, रिकामा रस्ता आणि सकाळची वेळ निवडा. ताम्हिणी किंवा वरंध घाटात ही चाचणी करायची नाही. इंजिन बंद पडले तर ब्रेक बूस्टरमधला (व्हॅक्यूमच्या बळावर ब्रेक हलका करणारा भाग) साठा दोन-तीन वेळा पेडल दाबण्यापुरता उरतो आणि पॉवर स्टिअरिंग जड होते. गाडी चालवणाऱ्याने फोनकडे बघायचे नाही. आकडे शेजारच्याने वाचायचे.

इंजिन पूर्ण तापू द्या. मग एकेक फेरी, प्रत्येक किमान तीनदा :

फेरी अ. तिसऱ्या गिअरमध्ये २५०० आरपीएमपर्यंत न्या, पाय पूर्ण काढा. ब्रेक नाही, क्लच नाही. १२०० पर्यंत उतरू द्या. झटका कोणत्या आरपीएमला आला ते लिहा.

फेरी आ. तसेच करा, पण २००० ला क्लच दाबा. आरपीएम किती खाली जातात, स्लोच्याही खाली बुडतात का, वर-खाली झुलतात का, की उलट वरच अडकून राहतात?

फेरी इ. गाडी उभी, न्यूट्रल. २५०० पर्यंत रेस देऊन झटक्यात सोडा.

फेरी ई. गाडी उभी, स्लोवर. ब्रेक जोरात दाबून दहा सेकंद धरा, सोडा, परत दाबा.

फेरी उ. वरच्या चारही फेऱ्या एसी लावून. सीएनजी असेल तर एकदा पेट्रोलवर, एकदा गॅसवर.

इंजिन थंड असतानाही एकदा अ आणि आ करा. फक्त थंडीत किंवा फक्त तापल्यावर येणारा त्रास वेगळ्या दिशेला नेतो.

सावधान : ‘कधीतरी होते’ अशी नोंद कामाची नाही. दोष चाचणीत दिसला नाही तर त्या दिवशी काहीही बदलू नका. न दिसलेला दोष दुरुस्त झाला की नाही, हे कशावरून ठरवणार?

## टप्पा ३ : फेरीचा अर्थ

फेरी अ मध्ये १५०० च्या बऱ्याच वर, म्हणजे इंधन बंद असतानाच, ‘धड्’ असा आवाज किंवा हादरा आला आणि उभ्या गाडीत काहीच नसेल, तर थेट टप्पा ९ ला जा.

फेरी अ मध्ये एकच झटका, नेमका १००० ते १५०० च्या पट्ट्यात आणि दर वेळी जवळपास त्याच आरपीएमला येत असेल, तर तो इंधन परत सुरू होण्याचा क्षण आहे. हलकासा धक्का बऱ्याच गाड्यांत असतोच. अलीकडे वाढला असेल तर टप्पे ४, ५ आणि सीएनजी असल्यास ७.

फेरी आ किंवा इ मध्ये आरपीएम बुडून सावरतात, गाडी सिग्नलला येता येता बंद पडते : स्लो राखणारी यंत्रणा. टप्पा ६. आरपीएम वरच अडकत असतील तर आधी टप्पा ५.

फेरी ई मध्ये ब्रेक दाबल्याबरोबर इंजिन थरथरते : ब्रेक बूस्टर किंवा त्याचा पाइप. टप्पा ५ मधला पहिला भाग.

ब्रेक लावल्यावरच थरथर येते, पण ती स्टिअरिंगमध्ये आणि पेडलमध्ये जाणवते, टॅकोमीटरचा (आरपीएम दाखवणारा) काटा मात्र स्थिर असतो : हे इंजिन नाही, ब्रेक डिस्क आहे. या एका गल्लतीपायी कितीतरी प्लग विनाकारण बदलले जातात.

इंजिन कुरकुर न करता एकदम बंद पडते आणि काटा चालत्या गाडीतच धाडकन शून्यावर जातो, थोडे थंड झाले की परत सुरू होते : क्रँक पोझिशन सेन्सर (इंजिनाचे फिरणे मोजणारा) आणि त्याच्या वायरिंगचा संशय धरा. हवेची गळती असेल तर इंजिन धापा टाकत बंद पडते, असे एकदम नाही.

ऑटोमॅटिक गाड्यांत एक वेगळी शक्यता असते. टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारा भाग) लॉक-अप क्लच वेळेत सुटला नाही तर थांबता थांबता इंजिन गुदमरते, मॅन्युअल गाडी क्लच न दाबता थांबवल्यासारखे. एएमटीत (क्लच आणि गिअर आपोआप चालवणारा मॅन्युअल गिअरबॉक्स) खालचा गिअर पडताना येणारा धक्का क्लचचा असू शकतो. फेरी इ मध्ये इंजिन स्वच्छ असेल तर ही वाट गिअरबॉक्सवाल्याकडे जाते. इंजिन उघडू नका.

## टप्पा ४ : स्कॅनरवरचे आकडे

आधी कोड वाचा, लिहून घ्या, फ्रीझ फ्रेमचा फोटो काढा. पुसू नका. नेहमी भेटणारे कोड असे : पी ०३०० म्हणजे कोणत्याही सिलिंडरला मिसिंग, पी ०३०१ ते ०३०४ म्हणजे त्या-त्या क्रमांकाच्या सिलिंडरला. पी ०१७१ मिश्रण पातळ (पेट्रोल कमी), पी ०१७२ जाड (पेट्रोल जास्त). पी ०५०६ स्लो अपेक्षेपेक्षा कमी, पी ०५०७ जास्त. कोड म्हणजे भागाचे नाव नसते. पी ०१७१ दिसला म्हणून ऑक्सिजन सेन्सर बदलणे ही नेहमीची चूक आहे. तो सेन्सर बिचारा मिश्रण पातळ असल्याचे खरे सांगत असतो.

कोड नसला तरी थांबू नका. या प्रकारच्या बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा पेटतच नाही. चार आकडे बघा.

मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा). इग्निशन चालू, इंजिन बंद असताना तो स्थानिक हवेचा दाब दाखवायला हवा : मुंबईत किंवा कोकणपट्टीत साधारण १०० किलोपास्कल, पुण्यात ९५ च्या आसपास, महाबळेश्वरला ८६-८७. दोन-तीनपेक्षा जास्त फरक असेल तर पुढचे सगळे आकडे संशयास्पद ठरतात, आधी सेन्सर आणि त्याचे कनेक्शन बघा. मग इंजिन चालू करा. तापलेल्या, एसी बंद असलेल्या निरोगी इंजिनात स्लोवर हा आकडा बहुधा ३० ते ४० च्या दरम्यान असतो आणि पाय काढून उतरताना त्याच्याही खाली, २०-२५ पर्यंत जातो. स्लोवर ४५-५० दिसत असेल तर हवा कुठून तरी शिरते आहे किंवा इंजिन नीट खेचत नाही.

जुन्या पद्धतीचे व्हॅक्यूम गेज वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. समुद्रसपाटीला स्लोवर १७ ते २१ इंच दाखवणारे गेज उंचीनुसार दर ३०० मीटरला सुमारे एक इंच कमी दाखवते. महाबळेश्वरला १५ दिसले म्हणून इंजिन खराब ठरवू नका.

फ्युएल ट्रिम, म्हणजे मिश्रण बरोबर ठेवायला ईसीयू पेट्रोलमध्ये करतो ती टक्केवारीतली वाढ-घट. शॉर्ट (क्षणोक्षणीची) आणि लाँग टर्म (शिकलेली) यांची बेरीज करा. दोन्ही बाजूंना १० टक्क्यांच्या आत ठीक. स्लोवर अधिक १५ किंवा २०, पण २५०० आरपीएमला उतरून पाचच्या आसपास, हे हवेच्या गळतीचे ठसठशीत लक्षण. कारण चिरेतून येणारी हवा साधारण तेवढीच राहते, पण इंजिन जास्त हवा घेऊ लागले की तिचा वाटा घटतो. उलट २५०० लाही अधिकच राहिले तर इंधनाचा दाब किंवा एअरफ्लो सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा). ट्रिम उणे असेल तर पेट्रोल जास्त मिळते आहे : गळका इंजेक्टर, पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा), किंवा कूलंटचा सेन्सर इंजिन थंड असल्याचे खोटे सांगतो आहे. तापलेल्या इंजिनात कूलंट ८५ ते १०० अंशांच्या पट्ट्यात दिसले पाहिजे.

इंधन बंद होते का. फेरी अ करताना ॲपमधली फ्युएल सिस्टिमची स्थिती बघा. उतरताना ती ‘ओपन लूप’ला (ऑक्सिजन सेन्सरचे न ऐकता चालणे) जायला हवी. त्याच वेळी व्होल्टेज दाखवणारा ऑक्सिजन सेन्सर ०.१ व्होल्टच्या खाली पडायला हवा, कारण सायलेन्सरमधून निव्वळ हवा जात असते. इंधन बंद असूनही व्होल्टेज वरच राहिले तर एखादा इंजेक्टर ठिबकतो आहे. सायलेन्सरमधून फटफट येत असेल तर हा संशय आणखी पक्का.

थ्रॉटलची टक्केवारी. पाय काढल्यावर हा आकडा दर वेळी त्याच जागी परत यायला हवा. एकदा १२, एकदा १५ असे होत असेल तर थ्रॉटल अडकतो आहे किंवा त्याचा सेन्सर झिजला आहे.

## टप्पा ५ : हवेची गळती

आधी आपल्या गाडीत काय आहे ते बघा. एअर फिल्टरच्या डब्यानंतरच्या पाइपावर वायर लावलेला सेन्सर असेल तर एअरफ्लो सेन्सर. मॅनिफोल्डवर असेल तर मॅप सेन्सर. काही गाड्यांत दोन्ही असतात. हा फरक महत्त्वाचा आहे आणि तो बहुतेक ठिकाणी सांगितलाच जात नाही. एअरफ्लोच्या गाडीत चिरेतून आलेली हवा मोजली जात नाही, मिश्रण पातळ होते, ट्रिम वर जाते, इंजिन अडखळते. मॅपच्या गाडीत तीच हवा दाब वाढवते, ईसीयू तिच्या हिशोबाने पेट्रोलही देतो, त्यामुळे ट्रिम सभ्य दिसते आणि फक्त स्लो चढतो किंवा क्लच दाबल्यावर आरपीएम वर अडकतात. ‘ट्रिम ठीक आहे, म्हणजे गळती नाही’ हा निष्कर्ष मॅपच्या गाडीत चुकतो.

ब्रेक बूस्टर. इंजिन बंद करा, पेडल चार-पाच वेळा दाबून साठा संपवा. पेडल दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेले पाहिजे. गेले नाही, किंवा पायाजवळ सूं असा आवाज आला, तर बूस्टर किंवा त्याचा पाइप. खात्री करायची तर इंजिन बंद करून बूस्टरचा जाड पाइप मॅनिफोल्डकडून काढा, मॅनिफोल्डचे तोंड घट्ट बंद करा आणि उभ्या गाडीतच स्लो बघा. थरथर गेली तर दोष सापडला.

सावधान : हे करताना हँडब्रेक ओढलेला आणि चाकांखाली दगड हवा. पाइप परत लावून पेडल तपासल्याशिवाय गाडी इंचभरही हलवायची नाही.

पाइप. मॅनिफोल्डला लागणारा प्रत्येक पाइप हाताने वाकवून बघा. टोकाशी, क्लिपखाली, वळणाच्या आतल्या बाजूला चिरा असतात. पावसाळ्यात बाहेर उभ्या गाड्यांत उंदीर बॉनेटखाली ऊब शोधत येतात आणि रबर कुरतडतात. मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला टॉर्च मारा. फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतच्या घड्यांच्या रबरी पाइपाची घडी ताणून बघा. वेग कमी होताना इंजिन फाउंडेशनवर उलट्या दिशेला झुकते आणि या पाइपाची मिटलेली चीर नेमकी तेव्हाच उघडते. उभ्या गाडीत तो शहाण्यासारखा वागतो.

पाण्याची फवारणी. स्लोवर इंजिन चालू ठेवून संशयित जोडांवर, मॅनिफोल्डच्या गॅस्केटच्या रेषेवर पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज क्षणभर बदलला तर तिथे गळती. कॉइल, आल्टरनेटर आणि फ्यूज बॉक्सवर पाणी नको. काही गॅरेजांत हेच काम पेट्रोल शिंपडून किंवा ज्वलनशील स्प्रे मारून करतात. तापलेल्या एक्झॉस्टशेजारी ते करू देऊ नका. सापडत नसेल तर स्मोक टेस्ट (आत धूर सोडून गळती शोधणे) करणारे गॅरेज शोधा. एका चुकीच्या थ्रॉटल बॉडीच्या किमतीपुढे तो खर्च किरकोळ आहे.

## टप्पा ६ : थ्रॉटल बॉडी आणि छोटे व्हॉल्व्ह

आकडे घेतलेत, गळती नाही, तरीही आरपीएम बुडतात : आता थ्रॉटल साफ करायची वेळ. मिटलेल्या पाकळीच्या कडेला काजळी जमली की स्लोसाठी लागणारी हवेची फट बुजते. इग्निशन बंद ठेवा. थ्रॉटल बॉडी क्लीनर कापडावर घ्या आणि पुसा; आत भसाभस फवारू नका. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची पाकळी बोटाने जोर लावून उघडू नका, आतले प्लॅस्टिकचे गिअर तुटतात. जुन्या केबलवाल्या गाडीत शेजारचा आयडल व्हॉल्व्हही (स्लोसाठी हवा सोडणारा) काढून साफ करा.

साफ केल्यावर स्लो काही वेळ चढलेला राहतो, कारण ईसीयूने घाणीचा हिशोब धरलेला असतो. त्याला नवा शून्यबिंदू शिकवावा लागतो. पद्धत मॉडेलनुसार बदलते, काहींना स्कॅनर लागतोच. हे न करता ‘साफ केले आणि बिघडले’ म्हणत परत येणारे बरेच असतात.

पर्ज व्हॉल्व्ह : पेट्रोल भरल्यानंतर लगेच गाडी सुरू व्हायला त्रास आणि मग खडखडीत स्लो, असे असेल तर आधी हाच. कनेक्टर काढून फुंका. वीज नसताना हवा जाता कामा नये. पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनातली वाफ परत मॅनिफोल्डमध्ये सोडणारा) : काढून हलवला की खुळखुळला पाहिजे. ईजीआर व्हॉल्व्ह (जळलेला थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) असलेल्या गाडीत तो काजळीने उघडा अडकला तर स्लो आणि उतरण दोन्ही बिघडतात, पण जोरात पळवताना गाडी ठणठणीत असते.

## टप्पा ७ : सीएनजी असेल तर

फेरी उ चा निकाल काढा. गॅसवर झटके आणि पेट्रोलवर स्वच्छ : किटकडे बघा. पाय काढल्यावर गॅसचे इंजेक्टरही थांबतात, त्या वेळात रेड्यूसरनंतरचा (गॅसचा दाब कमी करणारा भाग) दाब चढतो आणि इंधन परत सुरू होताना पहिला डोस जास्त जातो. थकलेल्या रेड्यूसरमध्ये हे इतके वाढते की सिग्नलला येताना गाडी हिसके देते. गॅस फिल्टर कधी बदलला होता तेही विचारा.

पेट्रोलवर झटके आणि गॅसवर स्वच्छ : पेट्रोलचे इंजेक्टर. वर्षभर फक्त सुरू करण्यापुरते पेट्रोल वापरणाऱ्यांच्या गाडीत हे हमखास. आधी टाकीतले जुने पेट्रोल संपवा, मग इंजेक्टर काढायचे बघू.

बाहेरून बसवलेल्या किटमध्ये आणखी एक फसवणूक असते. गॅसचे मॅपिंग (केव्हा किती गॅस सोडायचा याची जुळणी) चुकलेले असेल तर पेट्रोलचा ईसीयू त्यानुसार लाँग टर्म ट्रिम बदलून बसतो. मग पेट्रोलवर टाकल्यावरही गाडी थोडा वेळ वाईट चालते आणि दोष दोन्हीकडे असल्यासारखा दिसतो. म्हणून निकाल देण्याआधी पेट्रोलवर निदान दोन दिवस चालवा आणि ट्रिम कुठे जाते ते बघा.

सावधान : सिलिंडरमधला गॅस २०० बारच्या आसपास दाबाने भरलेला असतो. रेड्यूसरपर्यंतच्या पाइपाला पाना लावायचा नाही. वास आला तर सिलिंडरचा हाताचा व्हॉल्व्ह बंद करा आणि अधिकृत किटवाल्याकडे जा. सिलिंडरची तीन वर्षांची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) झाली आहे का, तेही त्याच फेरीत बघून घ्या.

## टप्पा ८ : आता प्लग आणि कॉइल

इथपर्यंत काही सापडले नाही, किंवा पी ०३०१ ते ०३०४ पैकी कोड ठरावीक सिलिंडरवरच येतो, तर प्लग काढा. गॅप (ठिणगी पडायची फट) पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडून बघा; सीएनजीसाठी वेगळा आकडा दिलेला असेल तर तोच धरा, कारण गॅस पेटवायला जास्त व्होल्टेज लागते. इरिडियम प्लगचा गॅप पक्कडीने ‘सेट’ करू नका.

कॉइल विकत घेण्याआधी अदलाबदल करा. दोन नंबरची कॉइल तीनवर लावली आणि कोड ०३०२ चा ०३०३ झाला, तर कॉइल दोषी. कोड तिथेच राहिला तर प्लगची अदलाबदल, मग इंजेक्टर. तिन्ही अदलाबदलींनंतरही तोच सिलिंडर, तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) तपासून घ्या. ज्या इंजिनात व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्हच्या टोकाशी ठेवलेली बारीक फट) हाताने जुळवावा लागतो आणि गाडी वर्षानुवर्षे सीएनजीवर पळाली आहे, तिथे व्हॉल्व्ह सीट झिजून क्लिअरन्स संपतो. स्लो आणि उतरण आधी बिघडते, पिकअप नंतर जातो.

सावधान : चालू इंजिनात कॉइलचा कनेक्टर काढून ‘कोणता मरतो’ बघण्याची जुनी सवय सोडा. न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर शुद्ध करणारा भाग) जाऊन पेटते. तपासायचेच असेल तर त्या सिलिंडरच्या इंजेक्टरचा कनेक्टर काढा, तोही काही सेकंदच.

## टप्पा ९ : फाउंडेशन

पाय काढला की इंजिनाचा रेटा दिशा बदलतो. फाटलेले फाउंडेशन त्या क्षणी इंजिनाला आपटू देते. बॉनेट उघडा, हँडब्रेक आणि पायाचा ब्रेक दोन्ही लावलेले ठेवा, मदतनिसाला पहिल्या गिअरमध्ये क्लच अर्धवट सोडून लगेच दाबायला सांगा, मग रिव्हर्समध्ये तसेच. तुम्ही बाजूला उभे राहून बघा. गाडीच्या पुढे-मागे कोणीही नको. इंजिन थोडे डोलते, ते ठीक. उडी मारून धप्प असा आवाज आला तर ते फाउंडेशन बदला. एकच फाटले असले तरी उरलेल्यांवर किती भार पडला आहे, ते बघूनच नग ठरवा. गिअरबॉक्सकडचे फाउंडेशन बघायला विसरतात, ते खालून दिसते. फाउंडेशन ठीक असूनही धक्का राहिला तर गाडी लिफ्टवर घेऊन ड्राइव्ह शाफ्टच्या आतल्या जॉइंटचा खेळ हाताने बघा.

## टप्पा १० : दुरुस्तीनंतर

कोड आता पुसा. एका वेळी एकच भाग बदललेला असू द्या आणि प्रत्येक भागानंतर त्याच रस्त्यावर, तापलेल्या इंजिनाने अ ते उ फेऱ्या परत करा. वहीतले जुने आकडे शेजारी ठेवा : स्लोवरचा मॅप, ट्रिमची बेरीज, झटक्याचा आरपीएम.

लगेच बरे वाटले तरी गॅरेजचा हिशोब आणि जुने भाग ताब्यात घ्या, आणि रोजच्या वापराच्या तीन-चार दिवसांनी लाँग टर्म ट्रिम पुन्हा वाचा. तोवर ईसीयूने नव्याने शिकलेले असते. ती १० च्या आत स्थिरावली असेल तर काम झाले. पुन्हा १५ कडे सरकत असेल तर तुम्ही बदललेला भाग दोषी नव्हता. टप्पा ५ पासून परत सुरू करा, आणि या वेळी स्मोक टेस्ट टाळू नका.